शिसे किती कडक? घरी गोळ्या ओतण्याचे व्हिडिओ, हार्डनेस टेस्टरची निवड आणि भारतातला कायदा

अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये शिसे वितळवून बंदुकीच्या गोळ्या ओतणे हा अनेकांचा छंद आहे. त्याचे व्हिडिओ आता कोणाच्याही मोबाइलवर येतात. त्यात साचा आणि वितळलेल्या शिशाचे भांडे असतेच, शिवाय आणखी एक छोटे उपकरण हमखास दिसते. ते असते शिशाचा कडकपणा मोजणारा हार्डनेस टेस्टर. कोणता टेस्टर घ्यावा, कोणता आकडा चांगला, यावर तिथे तासन् तास चर्चा चालते.

भारतात मात्र तोच छंद परवान्याशिवाय केला, तर किमान सात वर्षांचा तुरुंगवास होऊ शकतो. दुसरीकडे, शिशाचा कडकपणा मोजण्याची गरज बंदुकीपुरती नाही. मासेमारीची वजने, बॅटरीचे भंगार, जुन्या छापखान्याचे खिळे, महाविद्यालयाची प्रयोगशाळा अशा अनेक ठिकाणी हाच प्रश्न पडतो. लष्कराच्या दारूगोळा भांडारामुळे देशभर नाव झालेल्या पुलगावच्या वर्धा जिल्ह्यात तर या विषयाच्या दोन्ही बाजू समजून घ्यायला हव्यात.

थोडक्यात

• परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गंभीर गुन्हा आहे. दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रेही येतात.
• शिशाचा कडकपणा ब्रिनेल पद्धतीने मोजतात. शुद्ध शिशाचा आकडा सुमारे ५, तर छापखान्यातल्या लायनोटाइप मिश्रधातूचा सुमारे २२ असतो.
• बहुतेक कामांना महागड्या उपकरणाची गरज नसते. पेन्सिलींचा संच किंवा पोलादी छर्रा आणि व्हाइस एवढ्यावर भागते.
• घरात शिसे वितळवण्याचा सर्वात मोठा धोका लहान मुलांना आहे. शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही.

कडकपणा मोजायचाच कशाला?

शुद्ध शिसे इतके मऊ असते की नखानेही त्यावर ओरखडा उमटतो. ते ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे साध्या गॅसच्या शेगडीवरही त्याचे पाणी होते. त्यात अँटिमनी मिसळले की ते कडक होते. कथील मिसळले की थोडे कडक होते आणि साच्यात अधिक चांगले वाहते. भंगारात मिळणारे शिसे मात्र कोणत्या मिश्रणाचे आहे, हे नुसते पाहून कळत नाही. राखाडी वीट सगळी सारखीच दिसते.

बंदुकीच्या गोळीत हा फरक महत्त्वाचा ठरतो. गोळी फार मऊ असली की नळीतल्या आट्यांना घासून शिशाचा थर चढत जातो आणि नेम बिघडतो. गरजेपेक्षा कडक असली की ती नळीत घट्ट बसत नाही आणि मागचे गरम वायू बाजूने निसटतात. म्हणून परदेशातले छंदी लोक प्रत्येक घाण्याचा कडकपणा मोजतात.

हाच प्रश्न इतर कामांत वेगळ्या रूपात येतो. मासेमारीच्या दोरीवर दाबून बसवायचे वजन मऊच हवे. कडक शिसे दाबताना तडकते किंवा दोरी कापते. बॅटरीच्या आतली जाळी मात्र हाताळताना वाकू नये म्हणून कडक मिश्रधातूची करतात. छपाईच्या खिळ्याला तर हजारो वेळा दाब सोसायचा असतो, म्हणून तो सर्वात कडक.

भारतात घरी गोळ्या ओतता येतात का?

परवाना नसेल तर नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ चे कलम ५ सांगते की परवान्याशिवाय कोणालाही शस्त्रे किंवा दारूगोळा तयार करता येत नाही, विकता येत नाही, दुरुस्त करता येत नाही किंवा त्याची चाचणीही घेता येत नाही. कलम २ मधील दारूगोळ्याची व्याख्या रुंद आहे. भरलेले काडतूस तर त्यात येतेच, पण दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही त्याच व्याख्येत आहे. त्यामुळे ‘मी फक्त शिशाचा भाग ओतला, त्यात दारू भरलीच नाही’ हा बचाव वाटतो तितका सोपा नाही.

शिक्षाही कडक झाली आहे. पूर्वी बेकायदा निर्मितीला किमान तीन आणि कमाल सात वर्षांची शिक्षा होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी करण्यात आली, सोबत दंडही आहे. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीकडे असू शकणाऱ्या बंदुकांची मर्यादाही तीनवरून दोनवर आणली.

पीक संरक्षणासाठी ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे, त्यांच्यासाठीही मुद्दा तोच आहे. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे दारूगोळा बनवण्याचा परवाना नव्हे. परवान्यावर किती आणि कोणती काडतुसे घेता येतील, हे त्यावर लिहिलेले असते. शंका असेल तर ज्यांनी परवाना दिला त्या जिल्हादंडाधिकारी कार्यालयाकडून लेखी उत्तर घेणे हाच सुरक्षित मार्ग.

सेलू, कारंजा, आष्टी या भागांत रानडुकरांचा त्रास मोठा आहे आणि ‘घरीच काहीतरी करू’ असा मोह होऊ शकतो. पण बोर व्याघ्र प्रकल्पाचा परिसर इथलाच आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जाणेही गुन्हा आहे. म्हणजे घरी ओतलेली एक गोळी दोन-दोन कायद्यांत अडकवू शकते.

नेमबाजांना तरी लागतो का हा टेस्टर?

‘आम्ही खेळासाठी करतो’ असेही काहींना वाटू शकते. पण भारतातल्या लोकप्रिय नेमबाजी प्रकारांत घरी ओतलेल्या गोळीचा प्रश्नच येत नाही.

१० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल प्रकारांत ४.५ मिलिमीटरचे शिशाचे छर्रे वापरतात. ते कारखान्यात इतक्या अचूक मापाने बनतात की घरी तसे करणे शक्य नाही. ५० मीटर रायफलमध्ये ५.६ मिलिमीटरची, म्हणजे पॉइंट टूटूची काडतुसे लागतात. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले ते याच ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात. या काडतुसात पेट घेणारा मसाला पितळी कवचाच्या कडेतच भरलेला असतो. एकदा उडाल्यावर ते पुन्हा भरून वापरता येईल अशी त्याची रचनाच नाही. नेमबाज आपल्या बंदुकीला कोणत्या लॉटची काडतुसे जमतात हे तपासून तीच घेतात. कडकपणा मोजण्याचे काम कारखान्यातच झालेले असते.

महाराष्ट्रात असे कारखाने जुने आहेत. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावलाही लहान शस्त्रांची काडतुसे बनतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीखाली आले. पुलगावात दारूगोळा बनत नाही. तिथले केंद्रीय दारूगोळा भांडार हे साठवणुकीचे ठिकाण आहे.

मग वर्ध्यात हे मोजमाप कोणाच्या कामाचे?

• मासेमार आणि गळ टाकणारे: वर्धा, धाम आणि बोर नद्यांवर व धरणांवर जाळ्याच्या कडेला किंवा गळाच्या दोरीला शिशाची वजने लागतात. ती अनेक जण स्वतःच ओततात. याला शस्त्र कायदा आडवा येत नाही.
• भंगार व्यावसायिक: मऊ शिसे, कडक शिसे आणि जस्ताची वजने वेगळी करता आली तर भाव नीट ठरतो.
• जुन्या छपाईचे अभ्यासक: वर्ध्याच्या हिंदीनगरमधील राष्ट्रभाषा प्रेससारख्या छापखान्यांत एकेकाळी खिळ्यांच्या जुळणीवर पुस्तके छापली जात. असे खिळे कुठे उरले असतील तर ते वितळवण्याआधी ते काय आहेत हे ओळखायला हवे.
• अभियांत्रिकी आणि आयटीआयचे विद्यार्थी: धातूंच्या प्रयोगात पोलाद आणि पितळ नेहमीचेच. शिसे मोजताना मात्र नेहमीची पद्धत चुकते, म्हणून ते शिकण्यासारखे उदाहरण आहे.

आकडा येतो कुठून?

१९०० मध्ये स्वीडनचे अभियंते योहान ऑगस्ट ब्रिनेल यांनी एक सोपी पद्धत मांडली. कडक पोलादी छर्रा ठरावीक वजनाने धातूवर दाबायचा आणि उमटलेल्या खळग्याचा व्यास मोजायचा. वजनाला खळग्याच्या वक्र पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाने भागले की ब्रिनेल आकडा मिळतो. खळगा मोठा तर धातू मऊ, खळगा लहान तर धातू कडक. भारतात या चाचणीसाठी आयएस १५०० हे मानक आहे.

नेहमीच्या शिशांचे आकडे साधारण असे:

• शुद्ध शिसे: सुमारे ५
• २० भाग शिसे आणि १ भाग कथील: सुमारे १०
• गाडीच्या चाकाच्या बॅलन्सिंगची जुनी शिशाची वजने: ९ ते १२
• ९० टक्के शिसे, ५ टक्के कथील, ५ टक्के अँटिमनी: सुमारे १५
• लायनोटाइप, म्हणजे ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील: सुमारे २२

तुलनेसाठी, साध्या माइल्ड स्टीलचा आकडा १२० च्या आसपास असतो. म्हणजे शिशाचा सगळा खेळ ५ ते २५ या छोट्या पट्टीत चालतो. पोलादासाठी बनवलेली उपकरणे इथे निकामी का ठरतात, त्याचे उत्तर यातच आहे.

बाजारात कोणते पर्याय आहेत?

१. ली कंपनीचा टेस्टर

परदेशात सर्वाधिक वापरला जाणारा हा स्वस्त प्रकार. सुमारे ३.९७ मिलिमीटरचा छर्रा ६० पौंडांच्या, म्हणजे २७.२ किलोच्या दाबाने ३० सेकंद धरायचा. मग सोबतच्या छोट्या सूक्ष्मदर्शकातून खळग्याचा व्यास वाचायचा आणि तक्त्यावरून आकडा काढायचा.

गणित करून पाहिले तर त्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही कळतात. खळगा २.५ मिलिमीटरचा आला तर आकडा सुमारे ५, म्हणजे शुद्ध शिसे. १.८ मिलिमीटरला सुमारे १०. १.५ मिलिमीटरला सुमारे १५. पण १.४ मिलिमीटरला तोच आकडा १७ होतो. मऊ शिशात मिलिमीटरचा दहावा भाग चुकला तर फारसे बिघडत नाही, कडक शिशात मात्र तेवढ्याच चुकीने उत्तर दोन अंकांनी हलते. त्यात तो सूक्ष्मदर्शक हातात धरून वाचणे हे वैतागाचे काम आहे.

भारतीय ग्राहकासाठी आणखी एक अडचण आहे. हे उपकरण काडतुसे भरण्याच्या प्रेसमध्ये बसवायला बनवलेले आहे. तशी प्रेस मागवणे म्हणजे थेट दारूगोळा बनवण्याच्या यंत्राच्या व्याख्येत पाऊल टाकणे. म्हणून स्वस्त असूनही इथे हा पर्याय बाद समजावा.

२. सीको आणि केबिन ट्री

सीकोच्या उपकरणात नमुना आत ठेवून स्क्रू फिरवला की टोक किती आत गेले ते पट्टीवर दिसते. वाचणे सोपे, पण पट्टी त्याची स्वतःची आहे. ब्रिनेल आकडा हवा तर तक्ता पाहावा लागतो, आणि नमुनाही गोळीच्या मापाचाच लागतो. केबिन ट्रीच्या उपकरणात खोली डायल गेजवर दिसते आणि मोठा तुकडाही तपासता येतो. दोन्ही वेगवान आहेत. मात्र जाळ्याच्या चार वजनांसाठी परदेशातून इतका खर्च करण्यात अर्थ नाही.

३. पेन्सिलींचा संच

चित्रकलेच्या चांगल्या पेन्सिली वेगवेगळ्या कडकपणाच्या मिळतात. ६बी खूप मऊ, मग ५बी, ४बी असे करत एचबी आणि पुढे एच. पेन्सिलीचे लाकूड तासून शिसाचे टोक सपाट घासायचे, पेन्सिल ४५ अंशांत धरून धातूवर पुढे ढकलायची. ज्या पेन्सिलीने धातू खरवडला जातो, त्याच्या अलीकडची पेन्सिल हा त्या धातूचा कडकपणा. शुद्ध शिसे ६बीच्या आसपास येते, तर एचबी म्हणजे ढोबळमानाने १४-१५.

गंमत अशी की पेन्सिलीतले ‘शिसे’ हे शिसे नसतेच, ते ग्रॅफाइट आणि चिकणमातीचे मिश्रण असते. एकाच कंपनीचा संच वापरायचा, एवढे पथ्य पाळले तर कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी ही चाचणी ‘मऊ की कडक’ हे नक्की सांगते. मासेमारीची वजने आणि भंगार यांसाठी एवढे पुरेसे आहे.

४. छर्रा आणि व्हाइस

फॅब्रिकेशनच्या दुकानात होणारी ही सर्वात हुशार युक्ती. खात्रीच्या शुद्ध शिशाचा एक तुकडा आणि तपासायचा तुकडा यांच्यामध्ये बेअरिंगचा छर्रा ठेवून व्हाइस आवळायचा. दोन्ही तुकड्यांवर दाब आपोआप सारखाच येतो, त्यामुळे वजन मोजण्याची गरज उरत नाही. मग दोन्ही खळग्यांचे व्यास मोजायचे. शुद्ध शिशाच्या व्यासाला दुसऱ्या व्यासाने भागा, उत्तराचा वर्ग करा आणि ५ ने गुणा.

समजा शुद्ध शिशावर २.५ मिलिमीटर आणि नमुन्यावर १.८ मिलिमीटर खळगा पडला. २.५ भागिले १.८ म्हणजे १.३९. त्याचा वर्ग १.९३. गुणिले ५ म्हणजे ९.६. वर ली टेस्टरच्या गणितात याच खळग्याला सुमारे १० आकडा आला होता. दीड-दोन टक्क्यांची नेमकी अचूकता नको असेल तर एवढे जवळ जाणे पुष्कळ झाले.

५. महाविद्यालयाची किंवा प्रयोगशाळेची ब्रिनेल यंत्रे

व्यवसायासाठी लेखी अहवाल हवा असेल तर एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत जावे. तिथेही एक प्रश्न आवर्जून विचारावा: यंत्र किती कमी वजनावर चालते? पोलादासाठी १० मिलिमीटरचा छर्रा आणि ३००० किलो दाब वापरतात. शिशासाठी त्याच छर्‍यावर फक्त १०० किलो हवेत. २५० किलो लावले तर शुद्ध शिशात सात मिलिमीटरहून मोठा खड्डा पडतो आणि मानकाच्या मर्यादेबाहेर जातो. शिकवणीच्या अनेक यंत्रांची सुरुवातच त्याहून वरच्या वजनाने होते.

काय घेऊ नये?

ऑनलाइन मिळणारे पेनासारखे डिजिटल लीब टेस्टर आपटून उसळण्याच्या वेगावर चालतात. ते काही किलो वजनाच्या पोलादी भागांसाठी असतात. शिशाच्या छोट्या तुकड्यावर त्यांचा आकडा निरर्थक येतो. रबर तपासणारा शोअर ड्युरोमीटरही इथे चालत नाही.

मोजताना चुका कुठे होतात?

• वेळ: शिसे दाबाखाली हळूहळू वाहत राहते. म्हणून छर्रा १० सेकंद धरला आणि ३० सेकंद धरला तर उत्तर वेगळे येते. दर वेळी ३० सेकंद धरावा.
• वय: अँटिमनी असलेले शिसे ओतल्यानंतर काही दिवस कडक होत जाते. आज ओतलेला तुकडा आजच मोजू नये. आठवडाभर थांबून मोजल्यास आकडा स्थिर मिळतो.
• थंड करण्याची पद्धत: साच्यातून काढून लगेच पाण्यात टाकलेला अँटिमनीयुक्त तुकडा हवेत थंड झालेल्यापेक्षा खूप कडक होतो. मिश्रण तेच, आकडा वेगळा.
• पृष्ठभाग: वरचा काळपट थर कानशीने काढून सपाट जागा करावी. घासताना उडणारी पूड ओल्या कापडाने टिपावी, फुंकर मारू नये.
• जाडी आणि कडा: तुकडा खळग्याच्या खोलीच्या किमान आठपट जाड असावा. खळगा कडेपासून त्याच्या व्यासाच्या अडीचपट तरी आत असावा.
• तापमान: शिशाचा वितळणबिंदू केल्विन मापात सुमारे ६०० आहे. खोलीचे तापमान ३०० केल्विन, म्हणजे त्याच्या निम्मे. म्हणूनच हा धातू खोलीतही वाहतो आणि बदलतो. वर्ध्याच्या मेमधल्या ४५ अंशांत आणि डिसेंबरच्या सकाळी घेतलेल्या मोजमापांची तुलना करू नये. शुद्ध शिशाचा तुकडा दर वेळी सोबत मोजला की ही अडचण सुटते.

धोका गोळीइतकाच धुळीचा

टेस्टरपेक्षा महत्त्वाचा भाग इथे सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाचे कोणतेही प्रमाण शरीरासाठी सुरक्षित असल्याचे आढळलेले नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगात सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आहे. त्यातली सुमारे २७.५ कोटी मुले भारतातली आहेत. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर होणारा परिणाम पुढे भरून निघत नाही.

वितळलेल्या शिशावरून येणारा धूर दिसतो, म्हणून लोक त्याला घाबरतात. पण मोठा धोका न दिसणाऱ्या पुडीचा असतो. वितळलेल्या शिशावर येणारी साय काढताना तिची पूड हातांना, कपड्यांना, अंगणाला लागते. तेच हात जेवणाला लागतात. रांगणारे मूल त्याच अंगणात खेळते. मासेमारीची गोळी दोरीवर दातांनी दाबून बसवण्याची सवय तर थेट विष चाखण्यासारखी आहे. त्यासाठी पक्कड वापरावी.

ज्यांना जाळ्याची वजने ओतायचीच आहेत, त्यांनी एवढे पाळावे:

• स्वयंपाकघरात, घरात किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागी शिसे वितळवू नये. उघड्यावर, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून काम करावे.
• त्या भांड्यात पुन्हा कधीही अन्न शिजवू नये. ते वेगळे खूण करून ठेवावे.
• वितळलेल्या शिशात ओला तुकडा किंवा पाण्याचा थेंब पडला तर त्याची क्षणात वाफ होते आणि शिसे स्फोटासारखे उडते. तुकडे आधी पूर्ण वाळवावेत. पावसाळी हवेत काम टाळावे.
• काम झाल्यावर साबणाने हात-तोंड धुवावे, कपडे वेगळे धुवावेत.
• गरोदर महिला आणि लहान मुले आसपास नसावीत.

जुनी बॅटरी फोडून शिसे काढणे ही मात्र पूर्णपणे बंद करण्याची गोष्ट आहे. त्यात आम्ल असते, शिशाचे चूर्ण असते आणि प्लेटच्या मिश्रधातूतल्या अँटिमनी व आर्सेनिकमुळे विषारी वायू तयार होऊ शकतात. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरून झालेली बॅटरी विक्रेत्यामार्फत किंवा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवी. इन्व्हर्टरची बॅटरी बदलताना जुनी परत दिली की पैसेही वळते होतात.

पुलगाव परिसरातल्या भंगाराचे काय?

इथे एक इशारा वेगळा द्यावा लागतो. ३१ मे २०१६ च्या पहाटे पुलगावच्या भांडारात लागलेल्या आगीत लष्करी अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचाऱ्यांचा जीव गेला. २० नोव्हेंबर २०१८ रोजी सोनेगाव आबाजीजवळच्या मैदानावर जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला आणि सहा जणांचा मृत्यू झाला. मृतांत कंत्राटी मजूरही होते.

दारूगोळा जुना झाला म्हणून निकामी होत नाही, हे या घटनांनी दाखवले. शेतात, नाल्यात किंवा भंगाराच्या ढिगात काडतूस, कवच किंवा ओळखू न येणारी धातूची वस्तू दिसली तर ती उचलू नये, फोडू नये, तापवू तर मुळीच नये. शिसे किंवा पितळ मिळेल म्हणून असा तुकडा भट्टीत टाकणे जिवावर बेतते. जागेवर खूण करून लांब व्हावे आणि ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे. भंगार घेणाऱ्यांनीही असा माल तोलायलाच नकार द्यावा. तो जवळ असणे हाच गुन्हा ठरू शकतो.

वाचकांना पडणारे प्रश्न

नुसता हार्डनेस टेस्टर जवळ असणे गुन्हा आहे का?
कडकपणा मोजण्याची यंत्रे कारखान्यांत आणि महाविद्यालयांत सर्रास वापरतात. ती धातू तपासण्याची साधने आहेत. अडचण होते ती गोळीचा साचा, काडतुसाची प्रेस आणि दारू यांच्यामुळे. हे सामान परदेशी संकेतस्थळावर सहज मागवता येते, म्हणून ते इथे कायदेशीर आहे असा अर्थ होत नाही.

छर्‍याच्या बंदुकीसाठी घरी छर्रे ओतले तर?
कमी ताकदीच्या ४.५ मिलिमीटर एअर रायफलला सवलत आहे, पण तिचे छर्रे बाजारात डबीने मिळतात. घरी ओतलेला असमान छर्रा नेम आणि नळी दोन्ही बिघडवतो. पैसे वाचत नाहीत, शिसे मात्र घरात येते.

मासेमारीच्या वजनांसाठी किती कडकपणा हवा?
दाबून बसवायच्या गोळीला शुद्ध शिशाजवळचे, ५ ते ६ आकड्याचे मऊ शिसे चांगले. जाळ्याच्या कडेला ओवायच्या वजनांना थोडे कडक चालते. ६बी पेन्सिलीने ओरखडा उठला तर शिसे मऊ आहे असे समजावे.

चाकाची वजने शिशाचीच असतात का?
आता नाही. अनेक वजने पोलादाची किंवा जस्ताची येतात. चुंबक चिकटला तर बहुधा पोलाद, पण शिशाच्या वजनाची क्लिपही पोलादी असते, त्यामुळे चुंबक मधल्या भागाला लावावा. पक्कडीने सहज दाबले गेले तर शिसे. जस्त ४२० अंशांजवळ वितळते, त्यामुळे तापमान आवरले तर ते वर तरंगते. ते शिशात मिसळले तर पूर्ण घाणा बिघडतो.

रक्तातले शिसे तपासता येते का?
हो, साध्या रक्तचाचणीने. बॅटरी, भंगार किंवा ओतकामात असलेल्यांनी आणि त्यांच्या घरातल्या लहान मुलांसाठी डॉक्टरांना या चाचणीबद्दल विचारावे. पोटात दुखणे, चिडचिड, रक्त कमी होणे ही लक्षणे इतर आजारांसारखीच असल्याने ‘घरात शिशाचे काम होते’ हे डॉक्टरांना आपणहून सांगणे गरजेचे आहे.

निवड करायची तर अशी

जाळ्याची वजने किंवा भंगार असेल तर पेन्सिलींचा संच. आकडा हवा असेल तर छर्रा, व्हाइस आणि शुद्ध शिशाचा एक खात्रीचा तुकडा. बिलासोबत कागद द्यायचा असेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळा, आणि तिथे १०० किलो दाबाची आठवण. बंदुकीची गोळी ओतण्याचा विचार असेल, तर कोणताही टेस्टर घेण्याआधी परवाना देणाऱ्या कार्यालयाचा जिना चढावा लागेल. तिथून लेखी परवानगी मिळेपर्यंत तो व्हिडिओ पाहून बंद करावा.